टोइंगचा दर हूक लावण्याआधी कळला पाहिजे

बोरघाटात किंवा कशेडीत रात्री गाडी बंद पडली, की आधी माणसे सुरक्षित जागी न्यायची असतात. मागून अवजड ट्रक येत असतात, बरोबर मुले किंवा वृद्ध असतात आणि दुसरी क्रेन कधी मिळेल ते ठाऊक नसते. अशा वेळी ‘आधी गाडी हलवू, पैशाचे नंतर बघू’ एवढ्या बोलण्यावर हूक लागतो आणि आकडा सांगितला जातो तो गॅरेजच्या दारात. तो अवाच्या सवा असला तरी गाडी अजून क्रेनवरच असते, म्हणून मालक मुकाट्याने पैसे देतो. या देण्याला संमती म्हणणे मला साफ अमान्य आहे.

1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 72 सांगते, की दडपणाखाली दिलेले पैसे घेणाऱ्याने परत केले पाहिजेत. कलमाखालचे उदाहरण रेल्वेचे आहे: बेकायदा आकार भरल्याशिवाय कंपनी माल सोडत नाही, म्हणून मालाचा धनी तो भरतो, त्यातली जादा रक्कम त्याला परत मागता येते. क्रेनवाल्याचीही बाजू आहे. वस्तूवर मेहनत घेणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क कलम 170 देते. टोइंग त्यात बसते असे धरले, तरी तो हक्क रास्त मोबदल्यापुरता आहे, मनात येईल त्या आकड्यासाठी नाही. खरी गोची पुढे आहे. रेल्वेचा आकार ठरलेला असतो, म्हणून जादा किती घेतले ते मोजता येते. रिक्षा-टॅक्सीचे भाडेही परिवहन प्राधिकरण ठरवते. ब्रेकडाउनला बोलावलेल्या खासगी क्रेनचा दर मात्र रस्त्यावरच ठरतो. मग जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नसले, 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता आली, तरी जादा म्हणजे नेमके किती हे सिद्ध करताना ग्राहकाची दमछाक होते. विमाही फारसा कामी येत नाही. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत खासगी मोटारीच्या टोइंगसाठी 1500 रुपयांची मर्यादा असते आणि तीही अपघातासारख्या विम्यात बसणाऱ्या नुकसानीपुरती. इंजिन बिघडले तर तेही नाही.

क्रेनवाले म्हणतील, घाटातले रात्रीचे काम, फ्लॅटबेडचा हप्ता, डिझेल, रिकामी परतफेरी, कामाची वाट बघण्यात गेलेले तास, हे सगळे एका सरकारी दरात कसे बसणार? हा आक्षेप खरा आहे. धोका पत्करून काम करणाऱ्याला चांगले पैसे मिळालेच पाहिजेत. पण त्यासाठी सरकारने एकच दर लादायची गरज नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने 2021 च्या कायद्याने वेगळी वाट धरली. तिथे व्यावसायिक आपला कमाल दर स्वतःच सरकारकडे नोंदवतो, तो लोकांना पाहता येतो आणि बिल त्यावर जाऊ शकत नाही. रात्रीचा, घाटाचा, जड गाडीचा दर वेगळा लावायचा तर खुशाल लावा, मात्र आधी सांगा. मालकाने विचारून घ्यायला हवे होते, असेही कोणी म्हणेल. दिवसा, शहरात, चार क्रेन मिळत असतील तिथे ते ठीक आहे. अंधारात, एकच क्रेन समोर असताना, विचारून मिळालेल्या आकड्याला नाही म्हणण्याची सोय नसते.

आपल्या परिवहन विभागानेही अशीच दरनोंदणी सुरू करावी, प्रत्येक टोइंग वाहनावर नोंदवलेला दर मोठ्या अक्षरांत लावायला सांगावे आणि हूक लावण्यापूर्वी अंतर व रक्कम लिहिलेली पावती सक्तीची करावी. ते होईपर्यंत राष्ट्रीय महामार्गावर आधी 1033 या महामार्ग हेल्पलाइनला फोन करावा. खासगी क्रेन घ्यावीच लागली, तर रक्कम मोबाइलवर लिहून मागवावी, पैसे यूपीआयने द्यावेत आणि बिलावर ‘हरकत राखून दिले’ असे लिहून सही करावी. पुढे आयोगापुढे दाद मागताना हाच पुरावा हाती असेल.