पोटखराब जमिनीतली वेल

फेब्रुवारी आला की म्हापशाच्या बाजारात द्राक्षांचे ढीग लागतात. सांगली-नाशिकची ही द्राक्षे आपण 'आपली' म्हणूनच घेतो. पण मंडळी, त्यातल्या बहुतेक वेलींचे पाय कुठले आहेत ठाऊक आहे? थेट टेक्ससचे! महाराष्ट्रातला बागायतदार आधी 'डॉगरीज' नावाचा खुंट लावतो आणि त्यावर थॉमसन सीडलेससारख्या जातीचे कलम करतो. हा डॉगरीज मूळचा टेक्ससच्या कोरड्या, चुनखडीच्या मुलखातल्या एका रानवेलीचा. फळासाठी त्याला कुणी विचारणार नाही. पण पाणी तुटले, जमिनीत क्षार चढले, तरी तो तग धरतो. वर गोड घड, खाली रानटी मूळ, असा हा संसार आहे.

मी कलाशाखेचा पदवीधर, त्यात सरकारी कारकून. वनस्पतिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. मात्र एक-चौदाच्या उताऱ्यावरचा 'पोटखराब' हा रकाना वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. जिथे पीक निघत नाही तो तुकडा पोटखराब. द्राक्षाचा इतिहास वाचल्यापासून या शब्दाकडे मी जरा संशयाने पाहू लागलो आहे.

१८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फिलॉक्सेरा नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड युरोपात शिरली. ती मुळांतला रस शोषते. फ्रान्सचे वाइन उत्पादन १८७५ साली सुमारे साडेआठ कोटी हेक्टोलिटर होते, ते १८८९पर्यंत अडीच कोटींच्याही खाली आले. पोर्तुगालात पोर्ट वाइनच्या दोरो खोऱ्यातले मळे ओसाड पडले. त्या सोडून दिलेल्या पायऱ्यांना तिथे आजही 'मोर्तोरियु' म्हणतात. त्या नावातच मरण आहे.

औषध सापडले ते किडीच्याच माहेरी. अमेरिकेतल्या रानवेली पिढ्यान्‌पिढ्या या किडीबरोबर वाढलेल्या, त्यांची मुळे तिला दाद देत नव्हती. त्यांच्यावर युरोपची द्राक्षे कलम केली गेली. पण पहिले खुंट चुनखडीच्या जमिनीत पिवळे पडू लागले. तेव्हा १८८७ साली पिएर व्हियाला या शास्त्रज्ञाला अमेरिकेला पाठवावे लागले आणि टेक्ससच्या थॉमस मन्सनच्या मदतीने चुनखडी सोसणारी वेगळी रानवेल हाती लागली. म्हणजे 'एक रानवेल' पुरली नाही, अनेक असाव्या लागल्या.

हा धडा पुढे कॅलिफोर्निया विसरला. तिथे अनेक मळे एकाच खुंटावर उभे केले गेले. त्याच्या आईबापांपैकी एक युरोपचे द्राक्ष, त्यामुळे किडीला तोंड देण्याची ताकद अर्धवट. १९८०च्या दशकात तो खुंट हरला आणि नापा-सोनोमातले हजारो एकर मळे उपटून नव्याने लावावे लागले.

आता खुद्द युरोपच्या रानद्राक्षाचे पाहा. त्यात नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. बियांतून उगवलेली प्रत्येक वेल निराळी. मळ्यातली वेल मात्र फांदीपासून केलेली, शंभर वेली म्हणजे एकाच वेलीच्या शंभर नकला. ही विविधता नदीकाठच्या रानात होती. नद्या सरळ केल्या, राने तोडली, आणि कीड-रोग आलेच. जर्मनीत ऱ्हाईनकाठी आता थोड्याच वेली उरल्या आहेत. २०२३ साली शास्त्रज्ञांनी साडेतीन हजारांहून अधिक वेलींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हजाराहून जास्त रानवेली होत्या. माणसाने द्राक्ष सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी दोन वेगवेगळ्या ठिकाणी माणसाळवले, हे त्यातून पुढे आले. रानवेल उरलीच नसती तर हे विचारायचे कुणाला?

गोमंतकीय वाचक म्हणेल, द्राक्षाचे आपल्याला काय? बरोबर. पण मिरीचे? मिरीचे माहेर आपला सह्याद्री. तिथेही रानमिरीत बहुधा नर-मादी वेली वेगळ्या, आणि कुळागरातली मिरवेल फांदीपासून केलेली. जलद मर रोगाने वेली बसू लागल्या तेव्हा रोगाला न जुमानणारा खुंट मिळाला तो दक्षिण अमेरिकेतल्या मिरीच्या एका रानटी भावंडाचा. ते कुणी तिथे राखले नसते तर?

आमच्या गावी कुळागराच्या वरच्या अंगाला रानमिरीची एक जुनी वेल होती. काजू लावण्यासाठी चुलतभावाने तो उतार साफ केला. मी तिथेच उभा होतो, हरकत घेतली नाही. उताऱ्यावर ती जागा पोटखराबच होती ना! ती वेल कसल्या गुणाची होती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

२००२च्या जैवविविधता कायद्याने पंचायतीच्या पातळीवर समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. नोंदवही कशी भरली जाते आणि मग कुठल्या कपाटात जाते, हे मला कारकुनाला कुणी शिकवायला नको. म्हणून एकच मागणे. त्या वहीत रानवेल कुठल्या उतारावर, कुठल्या झाडावर आहे हे लिहा, दरवर्षी जाऊन ती आहे का ते पाहा, आणि अभ्यासकांना तिथे न्या. आपल्या गावात अशी वेल कुठे आहे, हे सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत. या उन्हाळ्यात त्यांना घेऊन एकदा डोंगर चढायला हवा.