टॅब्लेटची खिडकी आणि संगणकाचे दार

विद्यार्थिमित्रहो, बाहेरच्या खोलीत बसून टॅब्लेटवर बोट फिरवावे आणि आतल्या खोलीतल्या टेबलावरचा संगणक कामाला लागावा, ही गंमत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. या गमतीबद्दल मोठ्या माणसांची दोन टोकांची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, “हे धोक्याचे खूळ आहे, मुलांनी याच्या वाटेला जाऊ नये.” दुसरे म्हणतात, “चालते ना? मग आत काय आहे याची उठाठेव कशाला?” मला ही दोन्ही मते पटत नाहीत. आत काय चालले आहे हे ज्याला कळते, त्यालाच त्यातला धोकाही ओळखता येतो.

मग आत काय चालते? गणित करणे, चित्र रंगवणे, फाइल साठवणे ही सारी कामे टेबलावरचा संगणकच करतो. टॅब्लेट ही केवळ खिडकी. तुमचे बोट कोठे टेकले, कोणते अक्षर दाबले, एवढाच निरोप टॅब्लेट पाठवतो. तो अगदी लहान असतो. उलट दिशेने मात्र संगणकाच्या पडद्याचे संपूर्ण चित्र यावे लागते.

ते केवढे असते याचा हिशेब करा. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला ३० चित्रे पाठवायची, तर दर सेकंदाला जवळजवळ १४९ कोटी बिट वाहून न्यावे लागतील. घरातल्या वायफायला सहसा हे ओझे पेलत नाही. म्हणून संगणक युक्ती करतो. पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच तो पाठवतो, आणि तोही संक्षिप्त करून. निबंध टाइप करताना सारे सुरळीत चालते आणि चित्रपट लावला की अडखळते, त्याचे कारण हेच. चित्रपटात सगळा पडदा सतत बदलत असतो.

आता एक प्रयोग करा. संगणकाच्या पडद्यावर सेकंदाचे शतांश दाखवणारे घड्याळ लावा. टॅब्लेट शेजारी ठेवा आणि दोन्ही पडद्यांचे एकच छायाचित्र घ्या. टॅब्लेटवरचे घड्याळ थोडे मागे दिसेल. असे दहा वेळा करून सरासरी काढा. हा उशीर लहरींच्या प्रवासामुळे होतो का? मुळीच नाही. १० मीटर अंतर रेडिओलहरी सेकंदाच्या तीन कोटीव्या भागात तोडतात. वेळ जातो तो चित्र संक्षिप्त करण्यात, राउटरमधून जाण्यात आणि चित्र पुन्हा उलगडण्यात. संगणक १०,००० किलोमीटरवर असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. तेव्हा नुसत्या जाण्यायेण्यालाच सेकंदाचा दहावा भाग लागेल. तो कोणत्याही महागड्या यंत्राने वाचवता येणार नाही.

दुरून गणकयंत्र चालवण्याची कल्पना नवी नाही. ११ सप्टेंबर १९४० रोजी जॉर्ज स्टिबिट्झ यांनी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात भरलेल्या गणितज्ञांच्या सभेत टेलिप्रिंटरवर उदाहरणे घातली. तारेने ती न्यूयॉर्कमधल्या यंत्राकडे गेली आणि उत्तरे त्याच वाटेने परत आली. त्या तारेतून आकडे जात. आज सगळा पडदा जातो.

आणि धोका आहे तो नेमका येथेच. ‘बँकेतून बोलतो आहे’ असे सांगून भामटा एक ॲप घ्यायला लावतो आणि त्यावर दिसणारा आकडा विचारतो. तो आकडा म्हणजे दाराची किल्ली. ती मिळाली की तुमच्या फोनचा पडदा त्याच्यापुढे उघडा होतो. बँकेने पाठवलेला गुप्त क्रमांकही त्याला दिसतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. येथे भामटा कुलूप फोडत नाही. किल्ली आपणच त्याच्या हाती देतो. ‘आपला सगळा पडदा पलीकडे जातो’ एवढे ज्याला पक्के ठाऊक आहे, तो हा आकडा कोणाला सांगेल काय?

म्हणून माझे सांगणे असे, की मुलांना मना करू नका, शिकवा. शिक्षकांनी एका तासिकेत वरचा प्रयोग जरूर करून घ्यावा. त्याला एक संगणक, एक टॅब्लेट आणि वायफाय पुरे. विद्यार्थ्यांनी चार पथ्ये पाळावीत: घरातल्यांना सांगून आपलाच संगणक जोडावा, पासवर्ड लांब ठेवावा, जोडणी होईल तोवर घरच्या जाळ्यापुरती ठेवावी आणि काम संपताच बंद करावी.

आणि मित्रहो, हे सारे घरातल्या आजी-आजोबांनाही समजावून सांगा. भामट्यांचे फोन त्यांनाही येतात, आणि त्या वेळी तुम्ही शेजारी असालच असे नाही.