खो-खोच्या बाईंसाठी

शिक्षकदिनाला वर्गशिक्षिकेला गुलाब, आणि मैदानावरच्या बाईंना? काहीच नाही! म्हणून यंदा लेकीच्या खो-खोच्या बाईंसाठी आम्ही मायलेकींनी लाकडी ट्रे रंगवला. माठही रंगवता आला असता. पण रंगाने छिद्रं बुजली की पाणी गार होत नाही. गेरूच्या रंगावर पांढऱ्या ॲक्रिलिकने वारली आकृत्या काढल्या: आठजणी बसलेल्या, एकीआड एक उलट तोंडाच्या, नववी धावणारी. टोकाला टोक जोडून दोन त्रिकोण काढले, की मुलगी तयार.

‘त्यापेक्षा विकतची ट्रॉफी द्यायची,’ शेजारीण म्हणाली. अहो, ट्रॉफ्या बाईंनीच शाळेला मिळवून दिल्यात! दहावी आली म्हणून मुलींचा खेळ बंद करू नका, असं घरोघरी सांगत फिरणाऱ्या या बाईंचं नाव स्नेहसंमेलनात मात्र कुणी घेत नाही. ट्रेवर लेकीने ते चांगलं ठळक लिहिलंय.