मनगटावरील वेधशाळा

हल्लीं डोंगर चढावयास निघणाऱ्या मुलामुलींच्या मनगटावर जीं आंकड्यांचीं घड्याळें दिसतात, त्यांस घड्याळ म्हणावें कीं छोटेखानी वेधशाळा म्हणावें, असा प्रश्न घरांतील वडील मंडळींस पडल्यास नवल नाहीं. वेळ, वार आणि तारीख हीं तर त्यांत असतातच; शिवाय उंची, हवेचा दाब, उष्णमान, दिशा, सूर्योदय आणि सूर्यास्त इतकीं खातीं त्या दीड इंचाच्या तबकडींत थाटलेलीं असतात. परीक्षेंतील यशाबद्दल काकांनीं अथवा आत्याबाईंनीं असें घड्याळ भेट द्यावें, पहिले आठ दिवस घरांतील प्रत्येकानें त्याचीं बटणें दाबून पाहावीं, आणि पुढें त्याचा उपयोग ‘किती वाजले’ एवढ्यापुरताच उरावा, असा पुष्कळ घरांतला क्रम आहे. सोबतची बारीक अक्षरांची पुस्तिका खोक्यांतच राहते. वास्तविक यांतील कांहीं सोयी अशा आहेत कीं, त्यांचा उपयोग नीट करितां आला तर मुलगा दिवेलागणीपर्यंत पायथ्याच्या गांवीं उतरतो, आणि न आला तर सगळें घर रात्रभर दाराकडे डोळे लावून बसतें.

आधीं वेळेविषयीं. या घड्याळाच्या पोटांत स्फटिकाचा एक चिमुकला, दोन पायांचा चिमटा असतो. विजेच्या योगानें तो सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. हा आंकडा कोणी लहरीनें निवडलेला नाहीं. त्याची लागोपाठ पंधरा वेळां निमपट करीत गेलें कीं बरोबर एक उरतो, आणि तोच आपला सेकंद. १९६९ सालच्या नाताळांत जपानांतील सैको कंपनीनें स्फटिकावर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस आणिलें. १९७२ सालीं अमेरिकेंत हॅमिल्टन कंपनीचें ‘पल्सर’ निघालें, त्यांत काटे मुळींच नव्हते. तांबडे आंकडे होते, पण ते पाहावयास दर वेळीं बटण दाबावें लागे, आणि किंमत २,१०० डॉलर! आज त्याहून कितीतरी अधिक कामें करणारें घड्याळ शाळकरी मुलाच्या हातीं असतें.

साधारण प्रतीचें असें घड्याळ महिन्याकांठीं पंधरा सेकंदांपर्यंत पुढेंमागें जातें. स्फटिक सुमारें २५ अंशांच्या उष्णमानांत सर्वांत बरोबर चालतो. फार थंडी काय किंवा फार ऊन काय, दोहोंनींही तो किंचित् मंदावतो. म्हणून हातावरचें घड्याळ कपाटांत पडलेल्या घड्याळापेक्षां बहुधा अधिक खरें असतें. महिन्यांतून एकदां मोबाइलवरील वेळेशीं तें जुळवून घ्यावें. सेकंद शून्यावर आणतांना मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: पुष्कळ घड्याळांत तीस सेकंद उलटल्यावर बटण दाबिलें तर मिनिटाचा आंकडा आपोआप एकानें वाढतो. हें ठाऊक नसल्यानें कित्येक घड्याळें वर्षानुवर्षें बरोबर एक मिनिट पुढें चालत असतात, आणि त्यांचे धनी जगास आळशी ठरवीत असतात.

आतां डोंगराकडे वळूं. आमच्या मतें या सर्व यंत्रांत डोंगरावर अत्यंत मोलाचा भाग कोणता म्हणाल, तर तो उंचीचा नव्हे, दिशेचाही नव्हे, साधा गजर. आपल्याकडे संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. मार्गशीर्षांत पुण्याच्या आसपास सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि पुढील वीस-पंचवीस मिनिटांतच पायाखालचा दगड दिसेनासा होतो. तेव्हां हिशेब उलटा करावा. सूर्यास्त सहाला, उतरावयास तीन तास, एक तास हातचा. म्हणजे दोन वाजतां, जेथें असूं तेथून, मागें फिरलें पाहिजे. हा दोनचा गजर सकाळीं पायथ्याशींच लावून ठेवावा. दुपारीं माथा समोर दिसूं लागला म्हणजे ‘आतां अर्ध्या तासाचेंच काम’ असें म्हणणारा एक तरी गडी प्रत्येक मेळ्यांत असतो, आणि त्याच्याशीं वाद घालण्यास दमलेल्या माणसांपेक्षां घड्याळ अधिक समर्थ असतें. सूर्यास्ताची वेळ दाखविणारें खातें असेल तर त्यांत आपल्या ठिकाणचे अक्षांश-रेखांश घातलेले आहेत ना, तें पाहावें. नाहींतर तें बिचारें तोकियोचा सूर्यास्त इमानानें सांगत राहील. शिवाय तो आंकडा मोकळ्या क्षितिजाचा असतो. दरींत ऊन पुष्कळ आधींच मावळतें.

उंचीच्या खात्याविषयीं मात्र गैरसमज फार. उपग्रहांच्या साहाय्यानें उंची काढणारीं घड्याळें आहेत, पण त्यांची विजेरी लवकर उतरते. इतर घड्याळें उंची प्रत्यक्ष मोजीत नाहींत. तीं हवेचा दाब मोजतात आणि त्यावरून उंचीचा हिशेब करितात. समुद्रसपाटीजवळ साधारण साडेआठ मीटर वर गेलें कीं दाब एका मिलिबारानें घटतो. (घड्याळावर त्यालाच हेक्टोपास्कल म्हटलेलें असतें.) समुद्रकांठीं १०१३ च्या आसपास असणारा दाब कळसूबाईच्या माथ्यावर, म्हणजे १,६४६ मीटरांवर, सुमारें ८३० पर्यंत उतरतो. पण दाब काय केवळ चढल्यानेंच बदलतो? आपल्या प्रदेशांत तो रोज, समुद्राच्या भरतीओहोटीसारखा, दोनदां चढतो आणि दोनदां उतरतो. सकाळीं दहाच्या सुमारास तो बराच असतो, दुपारीं चारच्या सुमारास तीनएक मिलिबारांनीं खालीं येतो. म्हणजे ओसरीवर स्वस्थ बसलेले आजोबासुद्धां घड्याळाच्या मतें सकाळपासून दुपारपर्यंत पंचवीस मीटर वर चढलेले असतात!

हा विनोद धुक्यांत अंगाशीं येतो. समजा, चढतांना सकाळीं नऊ वाजतां वाटेचा फाटा ९०० मीटरांवर लागला. फाट्याची उंची अशी टिपून ठेवणें ही फारच उत्तम संवय आहे, कारण परततांना ढग उतरले आणि चार हातांवरचें दिसेनासें झालें, तर तोच आंकडा वाट सांगतो. परंतु दुपारीं चार वाजतां तोच फाटा घड्याळांत ९२५ च्या आसपास दिसेल, आणि ९०० चा आंकडा येईपर्यंत चालणारा माणूस फाटा सोडून भलत्याच ओढ्यांत उतरलेला असेल. यास उपाय सोपा आहे. माथ्यावर पोंचतांच जो आंकडा दिसला तो कागदावर लिहावा, आणि उतरावयास निघतांना घड्याळ पुन्हां त्याच आंकड्यावर आणून ठेवावें.

दाबाचा आलेख पाहून हवेचें भविष्य वर्तविण्याचा छंदही कांहींस जडतो. त्यांनीं आजच्या चारचा आंकडा कालच्या चारच्या आंकड्याशीं ताडून पाहावा, सकाळच्या दहाशीं नव्हे. समुद्रकांठच्या घरांत त्याच वेळेचा दाब रोजच्यापेक्षां पांचसहा मिलिबारांनीं घसरला, तर ती गोष्ट गंभीर समजावी. ३ जून २०२० रोजीं रायगडच्या किनाऱ्यास धडकलेल्या ‘निसर्ग’ वादळासारख्या संकटाची चाहूल तशी लागते. वैशाखांतल्या वळिवाची मात्र घड्याळ कांहींच खात्रीची सूचना देत नाहीं. तेथें ढगांकडेच पाहावें.

होकायंत्राचें खातें वापरतांना मनगट आडवें आणि स्थिर धरावें, मोबाइल दूर ठेवावा, गडावरील तोफेला टेकून तर दिशा मुळींच पाहूं नये. खडकाविषयींही सावध असावें. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. त्यांत चुंबकीय लोहकण असतात, आणि वीज पडलेल्या माथ्यावर ते सुई बरीच फिरवूं शकतात. म्हणून एकदां दिशा पाहून दहा पावलें सरकावें आणि पुन्हां पाहावी. दोन्ही मेळ खाल्या तरच विश्वास टाकावा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक महाराष्ट्रांत एक अंशाहून कमी आहे, त्याची चिंता नको. काट्यांच्या घड्याळावरून सूर्याच्या साहाय्यानें दक्षिण शोधण्याची जी युक्ति पुस्तकांतून सांगतात, ती थंड देशांतली. आपल्याकडे मे ते जुलै या काळांत माध्यान्हींचा सूर्य जवळजवळ डोक्यावरच येतो, आणि त्या युक्तीनें माणूस खुशाल उलट्या दिशेस जाईल.

उष्णमानाचा आंकडा हातावर असतांना अंगाच्या उबेचा असतो. घड्याळ काढून अर्धा तास सावलींत ठेवावें, मग पाहावा.

घरांत राहणाऱ्यांसही या घड्याळाचा उपयोग आहे. उलट मोजणीच्या खात्यांत २४ मिनिटें लावून ठेविलीं कीं एक घटिका झाली; लग्नघरीं पाण्याच्या घंगाळांत सच्छिद्र वाटी तरंगत ठेवून जी वेळ मोजीत, तीच ही. मुलांस घटिका म्हणजे किती, हें पाठांतरापेक्षां यानें लवकर कळतें. जागतिक वेळेच्या खात्यानें परदेशांतील मुलीला अपरात्रीं उठविण्याचा प्रसंग टळतो. न्यूयॉर्क आपल्यामागें हिंवाळ्यांत साडेदहा आणि उन्हाळ्यांत साडेनऊ तास असतें. हा बदल तेथें मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं होतो, आणि साध्या घड्याळांत तो आपल्यालाच बटण दाबून करावा लागतो. दर तासाला वाजणारी टिकटिक मात्र कीर्तनास जातांना बंद करावी.

मागील झांकणावरील ‘५० मीटर’ हा शब्द पाण्याच्या स्थिर दाबाच्या परीक्षेचा आहे, तितकें खोल बुडण्याचा परवाना नव्हे. पोहतांना बटणें दाबूं नयेत. विजेरी बदलली कीं आंतील रबरी कडें नीट बसविलें आहे ना, हें कारागिराकडून पाहून घ्यावें. तें जुनें झालें असल्यास थोडक्या पैशांत बदलून मिळतें. आणि समुद्रस्नानाहून परतल्यावर घड्याळ गोड्या पाण्यानें धुवून, मऊ फडक्यानें पुसून, सावलींत ठेवावें.