क्लोरिन बादलीतून काढा, माठातून नको

गेल्या पावसाळ्यात ओपीडीत एक आई कावीळ झालेल्या मुलाला घेऊन आली. घरात नळ असूनही ते कुटुंब शेजारच्या विहिरीचे पाणी पीत होते. कारण विचारले, तर ती म्हणाली, "नळाचं पाणी फिशटँकमधी टाकलं आन् सारे मासे मेले जी. ते पाणी लेकराले कसं पाजाचं?"

तिचे निरीक्षण खरे होते, निष्कर्ष मात्र चुकला.

वर्धा शहराला धाम नदीचे पाणी मिळते. नदीचे पाणी गाळून त्यात क्लोरिन मिसळावेच लागते. नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते. आपण पितो तेव्हा लाळ आणि पोटातील अन्न यांच्याशी संयोग होऊन ते संपते. माशाच्या कल्ल्यांमध्ये मात्र पाणी आणि रक्त यांच्यात अगदी पातळ पडदा असतो. क्लोरिनने तो जळतो आणि मासा गुदमरतो. डायलिसिसमध्येही पाण्याचा संबंध जवळजवळ थेट रक्ताशी येतो, म्हणून तिथले पाणी आधी कार्बन फिल्टरमधून नेऊन क्लोरिनमुक्त करतात. तोच रुग्ण घरी नळाचे पाणी पितो आणि त्याला काही होत नाही.

मासे पाळणाऱ्यांनी पाणी पसरट बादलीत २४ तास ठेवावे. वर पातळ कापड बांधावे, म्हणजे क्लोरिन उडून जाईल आणि डास अंडी घालणार नाहीत. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेटचे थेंब बाटलीवरील प्रमाणानुसार टाकावेत. एका वेळी पाव हिस्साच पाणी बदलावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. माशांच्या विष्ठेतील अमोनिया निपटणारे जिवाणू त्यावर असतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो खळबळून घ्यावा.

पिण्याच्या पाण्याचे गणित याच्या उलट आहे. पावसाळ्यात कावीळ, हगवण, कॉलरा यांपासून लेकरांना वाचवणारे हेच क्लोरिन आहे. त्या आईच्या विहिरीत पावसाळाभर टीसीएल पावडर पडली नव्हती. पाण्याला पावडरचा वास येतो म्हणून तक्रार करणारे मला पुष्कळ भेटतात. माझ्या मते तक्रार उलट हवी. ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले नाही, तर ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला जाब विचारा.

ते मूल आता बरे आहे. घरात पुन्हा मासेही आले आहेत. माशांची बादली वेगळी आणि माठ वेगळा, एवढाच बदल त्या घराने केला.