माजघरांतील चार गोष्टी : भोपळ्याचा दिवा

लहान मुलांच्या हट्टाला 'नाहीं' म्हणणें सोपें असतें. आपण 'नाहीं' कां म्हटलें, हें त्यांना समजावून सांगणें मात्र कठीण. तें समजावूं लागलें म्हणजे पुष्कळदां आपलेंच कारण लंगडें आहे असें ध्यानांत येतें. मला हा अनुभव २०२४ सालच्या दिवाळींत आला. तो वाचक भगिनींपुढें मांडावा, असें बरेच दिवस मनांत होतें.

त्या वर्षीं नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला होती. माझे यजमान त्याच वर्षीं चैत्रांत निवर्तले होते. त्यामुळें आमच्या धर्मापुरीच्या घरीं सण असा नव्हताच. कढई चढावयाची नव्हती, नवीं वस्त्रें नव्हतीं. तरी मला एकटें वाटूं नये म्हणून मुलगा व सून दोन्ही नातवंडांना घेऊन पुण्याहून आलीं. नातू सात वर्षांचा, नात चार वर्षांची. नातवाच्या पिशवींत एक काळा झगा आणि हाडांच्या सांगाड्याचा मुखवटा होता. शाळेंत आदल्या आठवड्यांत 'हॅलोवीन'चा समारंभ झाला होता. पण खरा दिवस ३१ ऑक्टोबरच असल्यामुळें तो घरीं पुन्हां साजरा करावयाचा, असा त्याचा बेत. पहांटे स्नान झालें, कारीट फोडून झालें, आणि मी देवापुढें निरांजन लावतें आहें तों स्वारी मुखवटा चढवून माजघरांत उभी!

मी रागावलें. ज्या घरांतून सहा महिन्यांपूर्वीं माणूस गेलें, तेथें सणाच्या दिवशीं हें सोंग! "आधीं काढ तें. आपल्या घरांत असलें चालत नाहीं," असें मीं खडसावलें. मुखवटा निघाला. पण कोपऱ्यांत बसलेल्या धाकटीनें हळूच विचारलें, "आजी, आजोबा आतां भूत झाले का ग?"

कोणालाच उत्तर सुचेना. चैत्रांत तें दुःखद वर्तमान पुण्यास कळलें, तेव्हां मुलांना शेजाऱ्यांकडे ठेवून मुलगा व सून इकडे आलीं होतीं. परत गेल्यावर 'आजोबा देवाघरीं गेले' एवढेंच मुलांना सांगितलें. पुढें कोणी विषय काढला नाहीं. मेलेलीं माणसें भुतें होऊन परत येतात, ही दुसरी माहिती समारंभांत मिळाली. त्या चिमुरडीनें दोहोंची बेरीज केली. बेरीज तिची चुकली नव्हती. आंकडे आम्हीं अपुरे पुरविले होते.

त्या दुपारीं मुलाला जवळ बसवून या परक्या सणाची सारी माहिती मीं वाचून घेतली. आयर्लंडांत व आसपास राहणाऱ्या प्राचीन केल्ट लोकांचें नवें वर्ष हिंवाळ्याच्या तोंडीं सुरू होई. त्या संधिकालीं मृत आप्त घरीं येतात, अशा समजुतीनें ते शेकोट्या पेटवीत. पुढें ख्रिस्ती धर्मानें १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस ठरविला. संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या ती हॅलोवीन. इंग्लंडांत त्या दिवसांत गोरगरीब घरोघर जात. त्यांना लहानसा गोड केक मिळे, आणि ते त्याच्या बदल्यांत त्या घरच्या मृतांसाठीं प्रार्थना करीत. आयर्लंडांत सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत. १८४५ पासून तेथें बटाट्याचें पीक बुडून भयंकर दुष्काळ पडला; लक्षावधि लोक अमेरिकेस गेले. तेथें त्यांना सलगमापेक्षां मोठा व कोरण्यास सोपा भोपळा मिळाला. सोंगें घेऊन दारोदार खाऊ मागण्याची आजची रीति मात्र तेथें विसाव्या शतकांत रुळली, आणि १९५० पासून कांहीं मुलें त्या फेरींत संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीसाठीं पैसेहि गोळा करूं लागलीं.

हें ऐकतां ऐकतां माझा राग निवळत गेला. धनत्रयोदशीला आपण यमासाठीं दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवतों. दिवाळींत उल्कादान सांगितलें आहे. म्हणजे पितृपक्षांत आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून संध्याकाळीं पेटती चूड दाखवावयाची. पूर्वीं कित्येक घरीं हें होत असे. आतां विधि गेला आणि दिव्यांची रोषणाई तेवढी उरली. अक्राळविक्राळ तोंडाचें म्हणाल, तर जुन्या दगडी देवळांच्या उंबऱ्यांवर जें कीर्तिमुख कोरतात, तें कांहीं सौम्य नसतें. आमच्या गांवचें केदारेश्वराचें देऊळ चालुक्यकालीन; तेथील मूर्ति पाहण्यास दुरून लोक येतात. त्या काळच्या कारागिरांना सुंदर व उग्र या दोन्ही गोष्टी देवाच्या दारीं शोभतात हें ठाऊक होतें. गोव्यांत नरकासुराच्या भयंकर प्रतिमा करून याच चतुर्दशीच्या पहांटे जाळतात. विदर्भांत तान्ह्या पोळ्याला मुलें लांकडी बैल सजवून घरोघर जातात व खाऊ आणि पैसे मिळवितात. आणि होळीसाठीं शेजाऱ्याचीं लांकडें व गोवऱ्या लांबविण्याचा हक्क तर आपल्या पोरांनीं पिढ्यान् पिढ्या बजावला आहे!

शिवाय भीति घालण्याचा दोष त्या परक्या सणाच्या माथीं मारावयाचा, तर आपल्या घरांतील बागुलबुवाचें काय? 'जेव, नाहींतर बागुलबुवा येईल' हें मीं माझ्या मुलाला शंभर वेळां तरी म्हटलें असेल. मुखवट्याचें सोंग निदान मुलाला ठाऊक असतें. बागुलबुवा खोटा आहे असें आपण त्याला कधींच सांगत नाहीं.

तेव्हां प्रथम नातीला जवळ घेतलें. "आजोबा भूत झालेले नाहींत," मीं सांगितलें. "ते फार आजारी होते. त्यांचा श्वास थांबला, शरीर थांबलें. तें आतां पुन्हां चालूं लागणार नाहीं. म्हणून ते येणार नाहींत. आपल्याला त्यांची आठवण येते, मग आपण त्यांच्या नांवानें दिवा लावतों." तिनें विचारलें, "त्यांना दुखतं का?" मीं म्हटलें, "नाहीं. आतां कांहींच दुखत नाहीं." एवढ्यानें तिचें समाधान झालें, आणि ती खेळावयास गेली. डोळे पुसावयाचे राहिले ते आम्हां मोठ्यांचे.

परसांतल्या वेलावर एक तांबडा भोपळा धरला होता. आख्ख्या भोपळ्याला बायकांनीं प्रथम सुरी लावूं नये अशी आमच्याकडील समजूत. म्हणून वरची चकती मुलानें कापली. गर मुलांनीं चमच्यानें काढला. कढई वर्ज्य असल्यामुळें घारगे नाहींत, पण गर उकडून दह्यांतलें भरीत झालें. बिया वाळत घातल्या. डोळे, नाक, दांत मुलाच्या हातांखालीं नातवानें कोरले. आंत पणती ठेवून तो दिवा अंगणांत दक्षिणेच्या बाजूस मांडला.

आतां राहिली घरोघरची फेरी. ज्या घरीं सण नसतो, तेथें शेजारपाजारचीं माणसें फराळ पोंचवितात, ही आपली जुनी रीत. मीं मुलांना म्हटलें, "तो फराळ यंदा तुम्ही स्वतः जाऊन आणा. पण फुकट आणावयाचा नाहीं. प्रत्येक दारीं विचारावयाचें : आमच्या आजोबांची एक आठवण सांगा." नातवानें झगा घातला, मुखवटा मात्र त्यानें आपण होऊन घरीं ठेवला. आठवण विचारतांना तोंड दिसावयास हवें, असें त्याचें म्हणणें.

दोघें आईबरोबर पांच घरीं गेलीं आणि तासाभरानें डबा भरून परत आलीं. कोणा घरीं चकल्या मिळाल्या, आणि आजोबांनीं अपूर्णांक कसे शिकविले तें कळलें. कोणा घरीं करंज्या मिळाल्या, आणि आजोबा बुद्धिबळांत हरले म्हणजे दोन दिवस बोलत नसत हें कळलें. शेवटच्या घरीं एका वृद्ध गृहस्थांनीं सांगितलें, "तुझे आजोबा अंधाराला फार भीत. रात्रीं देवळाजवळून यावयाचें झालें म्हणजे मोठमोठ्यानें रामरक्षा म्हणत. आम्ही अंथरुणांत पडल्या पडल्या ओळखत असूं, मास्तर घरीं निघाले."

पन्नास वर्षें मी ती रामरक्षा दारांत उभी राहून ऐकली. त्यांच्या भक्तीचें मला मोठें कौतुक वाटे. तिचें कारण मला त्या रात्रीं, चार वर्षांच्या मुलीच्या तोंडून कळलें. आणि चैत्रानंतर प्रथमच मी मनापासून हंसलें. नातवानें विचारलें, "म्हणजे मोठ्या माणसांनाहि भीति वाटते?" "वाटते तर!" मीं म्हटलें. "तुझ्या आजोबांना वाटत असे, आणि तरी ते रोज घरीं येत." त्या रात्रीं निजतांना त्यानें मला रामरक्षा शिकव म्हणून सांगितलें.

हा सण घरोघर सुरू करावा, असें माझें म्हणणें नाहीं. आपल्याला सणांची वाण नाहीं. परंतु मुलें तो शाळेंतून व मित्रांकडून घरीं आणणारच. तेव्हां चार गोष्टी संभाळाव्या. चारपांच वर्षांच्या मुलाला सोंग आणि सत्य यांतला भेद पुरता कळत नाहीं. त्याच्यापुढें मुखवटा घालावयाचाच, तर त्याच्या देखत घालावा व देखत काढावा. दिव्याजवळ घोळदार झगे व नायलॉनचीं वस्त्रें नसावीं. दारोदार जाणाऱ्या मुलांबरोबर मोठें माणूस असावें. आणि घरांत नुकताच कोणी गेला असेल, तर 'देवाघरीं गेले' एवढ्यावर न थांबतां, मुलानें विचारलेल्या प्रश्नाचें सरळ व खरें उत्तर द्यावें. आपण दिलें नाहीं, तर तें मूल स्वतःच शोधून काढतें. आणि त्याचें उत्तर आपल्यापेक्षां पुष्कळ अधिक भयंकर असतें.

भोपळ्याचा दिवा दुसऱ्या दिवशीं लक्ष्मीपूजनापर्यंत टिकला; मग सुरकुतला. नातीनें तो परसांत वेलापाशीं नेऊन ठेवला. वाळविलेल्या बियांपैकीं कांहीं मीं पुढच्या पावसाळ्यासाठीं डब्यांत बांधून ठेवल्या.