नालबंदी

परवा नातवंडांना घेऊन माथेरानला गेलो होतो. दस्तुरी नाक्यावर घोडा ठरवताना पन्नास रुपयांसाठी मी चांगलीच घासाघीस केली. घोडेवाला कमी करायला तयार झाला, पण हळूच म्हणाला, "आजोबा, नालबंद मला असे सोडत नाही हो!"

मग त्याने घोड्याचा पाय उचलून दाखवला. नाल एका कडेला झिजून पातळ झाली होती. घोड्याचा खूर आपल्या नखासारखाच वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. त्यामुळे नाल शाबूत असली तरी दीड-दोन महिन्यांनी ती काढायची, खूर तासायचा, कानस मारायची आणि पुन्हा ठोकायची. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, म्हणून खूर वाढायचा थांबत नाही. हा खर्च टाळला तर घोडा लंगडतो आणि त्याच्यावर चालणारी चूलही.

मी वर्षानुवर्षं इतिहास शिकवला. मराठ्यांच्या लष्करात शिलेदारांना आगाऊ रक्कम मिळे, तिला 'नालबंदी' म्हणत. मुलांकडून हा शब्द पाठ करून घेतला, पण त्याचा अर्थ मला दस्तुरी नाक्यावर कळला. आधी खुराची सोय, मग स्वारी!

लंगडा घोडा पाहून हळहळणारे आपणच असतो आणि भाव पाडणारेही आपणच. माझ्या मते घोड्यावरची खरी दया भाव ठरवतानाच दिसते.

उतरल्यावर मी ते पन्नास रुपये त्याच्या हातावर ठेवले. खरं तर ते आधीच द्यायला हवे होते.